जहाजांवर संशोधन करायचंय? सुरुवात ओरेसुंडच्या एका दिवसापासून करा

जहाजांची सुरक्षितता, त्यांच्या धुराड्यातून बाहेर पडणारे वायू आणि माणसाच्या हाताशिवाय चालणारी जहाजं, हे तीन विषय विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत वेगवेगळे छापलेले असतात. नवा विद्यार्थी त्यातला एक उचलतो. बहुतेकदा तिसराच, कारण त्यात एआय असतं. मग पहिल्याच महिन्यात न्यूरल नेटवर्क शिकवायला घेतलं जातं, आलेख छान येतात, आणि ते एखाद्या अनुभवी कप्तानासमोर ठेवले की तो पहिल्याच वळणावर बोट ठेवून विचारतो, "इथे डावीकडे का वळलात?" या प्रश्नाला उत्तर नसतं.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. पहिले काही महिने एआयचं नाव काढू नका. एका अरुंद सामुद्रधुनीतून एका दिवसात गेलेल्या जहाजांची नोंद घ्या आणि तिन्ही विषय त्या एकाच नोंदीवर शिका. मेकॅनिकल, कॉम्प्युटर किंवा नेव्हल आर्किटेक्चर शिकणाऱ्यांना हे जमेल, आणि मर्चंट नेव्हीत काही वर्षं काढून किनाऱ्यावर परतलेल्यांना तर जास्तच जमेल. बरा लॅपटॉप, पायथनची तोंडओळख आणि त्रिकोणमितीची भीती नसणं, एवढं पुरे.

जागा कुठली घ्यायची? डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधली ओरेसुंडची सामुद्रधुनी. डेन्मार्कचं हेल्सिंगोर आणि स्वीडनचं हेल्सिंगबोर्ग ही गावं समोरासमोर आहेत आणि तिथे पाण्याची रुंदी जेमतेम ४ किलोमीटर आहे. बाल्टिक समुद्रात जाणारी-येणारी जहाजं उत्तर-दक्षिण धावतात आणि दोन गावांमधल्या फेरीबोटी त्यांना आडव्या कापत दिवसभर पूर्व-पश्चिम येरझाऱ्या घालतात. आडवी गाठ पडण्याचे प्रसंग शिकायला याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही. शिवाय डेन्मार्कचं सागरी प्रशासन आपल्या पाण्यातल्या जहाजांच्या जुन्या नोंदी फुकट उतरवून घेऊ देतं. मुंबईवर काम करायची हौस अनेकांना असते, पण आपल्या किनाऱ्याच्या नोंदींचा असा खुला साठा नाही, त्या विकत घ्याव्या लागतात. हात बसल्यावर मुंबईकडे या.

पहिली पायरी: आधी नियम वाचा

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. जहाजावर सगळे त्यांना 'कोलरेग्ज' म्हणतात. सगळे पाठ करायची गरज नाही, पण ५ ते ८ आणि १३ ते १९ हे नियम शब्दन् शब्द वाचा. थोडक्यात असं: समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं (नियम १४). आडवी गाठ पडली तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज आहे त्याने वाट द्यायची (नियम १५). मागून ओलांडणाऱ्याने नेहमीच बाजूने जायचं (नियम १३), आणि 'मागून' म्हणजे दुसऱ्याच्या काटकोनी बाजूपेक्षा २२.५ अंशांहून जास्त मागून.

इथवर संगणकाला सोपं आहे. अडचण पुढे सुरू होते. नियम ८ सांगतो की वळण दुसऱ्याच्या डोळ्यांना किंवा रडारला चटकन दिसेल एवढं मोठं असावं, थोडं थोडं वळत राहू नये. बहुतेक नवशिक्या अल्गोरिदमांना मात्र दर दहा सेकंदांनी दोन अंश वळणंच फार आवडतं! नियम १७ सांगतो की ज्याला वाट मिळायची आहे त्याने आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा. समोरचा काहीच करत नाही असं दिसलं तर त्याला हालचाल करायची मुभा आहे, आणि एकट्या समोरच्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही इतकं जवळ आल्यावर हालचाल करणं बंधनकारक. आता 'वेळेत' म्हणजे किती मिनिटं, 'सुरक्षित अंतर' म्हणजे किती मैल, हे नियमांत कुठेही आकड्याने दिलेलं नाही. मुद्दाम दिलेलं नाही. पीएचडीचे निम्मे विषय या मोकळ्या सोडलेल्या जागेत आहेत.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मोकळ्या समुद्रात यांत्रिक जहाजाने मासेमारी करणाऱ्या होडीला वाट द्यायची (नियम १८). पण अरुंद खाडीत किंवा चॅनेलमध्ये मासेमारी करणाऱ्या होडीने तिथून जाणाऱ्याच्या वाटेत यायचं नाही (नियम ९). मुंबई बंदराच्या तोंडाशी जाळं टाकून बसलेल्या नाखव्याला आणि समोरून येणाऱ्या कंटेनर जहाजाच्या पायलटला (बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्याला), दोघांनाही आपापला नियम माहीत असतो. चॅनेलची हद्द नेमकी कुठे सुरू होते यावर मात्र दोघांचं एकमत असेलच असं नाही.

नियमांसोबत एक तरी अपघात-अहवाल पूर्ण वाचा. ब्रिटन, नॉर्वे, अमेरिका, जपान या देशांच्या तपास यंत्रणा ते फुकट प्रसिद्ध करतात. मी नॉर्वेचा सुचवीन. ८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे बर्गनजवळच्या येल्टेफ्योर्डमध्ये 'हेल्गे इंग्स्ताद' ही युद्धनौका आणि 'सोला टीएस' हे तेलवाहू जहाज यांची टक्कर झाली. तेलवाहू जहाज नुकतंच स्तुरे टर्मिनलवरून निघालं होतं आणि त्याच्या डेकवरचे झगझगीत दिवे चालूच होते. युद्धनौकेच्या ब्रिजवर (जहाज जिथून चालवतात त्या कक्षात) ते दिवे किनाऱ्याजवळच्या कुठल्यातरी स्थिर वस्तूचे वाटले. युद्धनौका स्वतःची ओळख सांगणारे एआयएस संदेश पाठवत नव्हती, त्यामुळे दुसऱ्या बाजूलाही ती कोण हे पटकन कळलं नाही. यंत्रं दोन्हीकडे होती. हा अहवाल वाचल्यावर 'माणूस काढून टाका की अपघात संपले' हे वाक्य तुम्ही सहजासहजी लिहिणार नाही.

दुसरी पायरी: नोंदी उतरवा आणि धुऊन घ्या

एआयएस म्हणजे जहाजाची आपोआप ओळख सांगणारी रेडिओ यंत्रणा. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना, तसंच सर्व प्रवासी जहाजांना ती सक्तीची आहे. चालतं मोठं जहाज वेगानुसार दर २ ते १० सेकंदांनी आपलं स्थान सांगतं, नांगरलेलं असेल तर दर ३ मिनिटांनी. एका दिवसाची डॅनिश फाइल एक्सेलमध्ये उघडायच्या फंदात पडू नका. एक्सेल १०,४८,५७६ ओळींपलीकडे जात नाही आणि ही फाइल त्यात मावत नाही. पायथनमध्ये तुकड्या-तुकड्यांनी वाचा आणि आधी फक्त हेल्सिंगोरभोवतीचा चौकोन कापून घ्या. तारीख दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने असते. पायथनला ते स्पष्ट सांगितलं नाही तर ५ मार्चचा ३ मे होतो आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही.

आता सफाई. हे काम कंटाळवाणं आहे आणि संशोधनाचा दर्जा इथेच ठरतो. वेगाच्या रकान्यात १०२.३ नॉट (तासाला इतके सागरी मैल) दिसलं तर ते जहाज उडत नाहीये, 'वेग उपलब्ध नाही' याचा तो संकेत आहे. नाक कुठल्या दिशेला आहे त्या रकान्यात ५११ आणि मार्गाच्या रकान्यात ३६० आला तर तेच. अक्षांश ९१ आणि रेखांश १८१ हेही तसेच. या ओळी तशाच ठेवून सरासरी काढली की निकाल हास्यास्पद येतो.

पुढची गोष्ट: एआयएसमधली काही माहिती जीपीएसकडून आपोआप येते, तर काही ब्रिजवरचा अधिकारी हाताने भरतो. स्थान, वेग आणि मार्ग आपोआप. 'नांगरलेलं आहे' की 'इंजिनावर चालू आहे' ही स्थिती, गंतव्य बंदर आणि जहाज किती मीटर पाण्यात बुडालंय तो आकडा, हे सगळं हाताने. नांगर उचलला पण बटण दाबायचं राहिलं, म्हणून १४ नॉटने पळणारं 'नांगरलेलं' जहाज तुम्हाला हमखास सापडेल. हाताने भरलेल्या रकान्यावर कधीही एकट्याने विसंबू नका.

जहाजाचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक खरा आहे का, हे तपासायची युक्ती छान आहे. क्रमांक सात आकडी असतो. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे क्रमांकाचा सातवा आकडा. ९०७४७२९ घ्या: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, शेवटी ९. जुळलं. न जुळणारे क्रमांक बाजूला काढा.

आणि एक बारीक गोष्ट, जी शोधनिबंधांतही निसटते. एआयएस सांगतं ते स्थान जीपीएस अँटेनाचं असतं, जहाजाच्या मध्याचं नाही. ३०० मीटर लांबीच्या जहाजात अँटेना मागच्या भागात असेल तर नाक त्या बिंदूच्या २०० मीटरहून पुढे असू शकतं. अँटेनापासून पुढे-मागे-डावीकडे-उजवीकडे किती जहाज आहे हे चार आकडे संदेशातच मिळतात, ते वापरा.

तिसरी पायरी: दोन जहाजं किती जवळ येणार?

सुरक्षिततेच्या संशोधनाचा पाया दोन आकडे: सर्वांत जवळ येतील तेव्हाचं अंतर आणि त्याला लागणारा वेळ. जहाजावर याला सीपीए आणि टीसीपीए म्हणतात. एकदा कागदावर करून बघाच.

तुमचं जहाज १२ नॉटने सरळ उत्तरेला चाललंय. दुसरं ईशान्येला बरोबर ४५ अंशांवर, ६ सागरी मैलांवर आहे आणि १२ नॉटनेच पश्चिमेला येतंय. म्हणजे ते तुमच्या पूर्वेला ४.२४ आणि उत्तरेला ४.२४ मैल आहे आणि तुमच्या दृष्टीने दोन्ही दिशांत १२ नॉटने जवळ सरकतंय. ४.२४ भागिले १२, म्हणजे ०.३५ तास. २१ मिनिटांनी अंतर शून्य. या २१ मिनिटांत त्याची दिशा तुमच्या ब्रिजवरून सतत ४५ अंशांवरच दिसत राहील. दिशा बदलत नाही आणि अंतर घटतंय म्हणजे धोका, हे नियम ७ मध्ये लिहिलंय आणि आपले तांडेलही यंत्राशिवाय नजरेने हेच ओळखतात. ते जहाज तुमच्या उजव्या हाताला आहे, वाट तुम्ही द्यायची.

आता दुसऱ्याचा वेग १२ ऐवजी ११ नॉट करा. उत्तर शून्यावरून ०.२६ मैलांवर जातं, म्हणजे साधारण ४८० मीटर. एका नॉटच्या फरकाने टक्कर होणारं जहाज पाव मैलाने निसटतं. वेगाच्या नोंदीत थोडी जरी चूक असेल तर तुमचा निष्कर्ष किती हलतो, हे यावरून कळेल.

हेच गणित दिवसभराच्या सगळ्या जोड्यांवर चालवा. इथे नवशिके हमखास अडकतात. कुठल्यातरी लेखात वाचलेली अर्ध्या मैलाची मर्यादा लावायची आणि त्याहून जवळ येणाऱ्या प्रत्येक जोडीला 'थोडक्यात वाचले' म्हणायचं. ओरेसुंडचे ४ किलोमीटर म्हणजे २ सागरी मैलांहून थोडं जास्त. एवढ्या पट्टीत फेरीबोटीचा कप्तान दिवसाकाठी अनेकदा मोठ्या जहाजाच्या मागून अगदी जवळून जातो आणि त्यात काही वावगं नसतं. मोकळ्या समुद्राची फूटपट्टी इथे चालत नाही. जपानच्या फुजी आणि तनाका यांनी १९७१ मध्ये जहाजाभोवतीच्या राखीव जागेची कल्पना मांडली तीही प्रत्यक्ष वाहतुकीचं निरीक्षण करून: लंबवर्तुळ, लांबीला जहाजाच्या ८ पट, रुंदीला ३.२ पट. तुम्हीही ओरेसुंडसाठी हा आकार नोंदींतून काढा आणि त्यांच्याशी ताडून बघा. पहिल्या छोट्या निबंधाला एवढं काम भरपूर झालं.

चौथी पायरी: त्याच रेषेवरून धूर मोजा

आता त्याच जहाजांचा वेग वापरून इंधन काढायचं. इंजिनाची ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. समजा इंजिन १०,००० किलोवॅटचं आहे आणि त्यावर जहाज २० नॉट गाठतं. १५ नॉटने चाललंय, म्हणजे ०.७५ चा घन, ०.४२. लागणारी ताकद ४,२०० किलोवॅटच्या आसपास. एका किलोवॅट-तासाला १७५ ग्रॅम इंधन धरलं तर तासाला साधारण ७४० किलो. एक टन जड तेल जाळल्यावर ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, मरीन गॅस ऑइलसाठी हा आकडा ३.२०६ आहे. ओरेसुंडसाठी दुसरा घ्या, कारण बाल्टिकमध्ये २०१५ पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.१० टक्के आहे. (जगभरात ती १ जानेवारी २०२० पासून ०.५० टक्के झाली, त्याआधी ३.५० होती.) मात्र स्क्रबर (धुरातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र) बसवलेलं जहाज जड तेलही जाळू शकतं. आपल्या उदाहरणात तासाला सुमारे २.४ टन कार्बन डायऑक्साइड येतो.

इंजिनाची ताकद एआयएसमध्ये नसते. जहाजाचा प्रकार आणि आकार यांनुसार सरासरी आकडे आयएमओच्या चौथ्या हरितगृह-वायू अभ्यासात मिळतात. तो २०२० साली आला आणि मोफत आहे. २०१८ साली जगातल्या मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी २.८९ टक्के वाटा जहाज-वाहतुकीचा होता, हा सगळीकडे उद्धृत होणारा आकडाही त्यातलाच. त्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय आकडा वापरू नका.

घनाच्या सूत्रात दोन सापळे आहेत. वेग शून्य तर ताकद शून्य, म्हणून नांगरलेलं किंवा धक्क्याला लागलेलं जहाज तुमच्या हिशेबात स्वच्छ ठरतं. प्रत्यक्षात त्याचे जनरेटर आणि बॉयलर चालूच असतात आणि शेजारच्या वस्तीला त्रास त्यांचाच होतो. दुसरा सापळा खास याच जागेचा. हेल्सिंगोर-हेल्सिंगबोर्ग मार्गावरच्या 'टायको ब्राहे' आणि 'अरोरा' या फेरीबोटी बॅटरीवर चालतात. एआयएस हे सांगत नाही. तुमचा प्रोग्रॅम त्यांच्या माथी दिवसभराचं डिझेल मारून मोकळा होईल.

उत्तर पडताळायला युरोपीय संघाची 'थेटिस-एमआरव्ही' ही खुली नोंद आहे. ५,००० टनेजवरच्या जहाजांचं वर्षभराचं इंधन आणि कार्बन डायऑक्साइड जहाजागणिक मिळतं, पण फक्त युरोपशी संबंधित प्रवासांचं. तुमचा अंदाज आणि ही नोंद यांत फरक पडणारच. तो कुठल्या जहाजांत आणि का, हे लिहा.

इथे सुरक्षितता आणि प्रदूषण एकमेकांच्या वाटेत येतात. वेग १० टक्के घटवला तर ताकद २७ टक्के आणि तेवढ्याच अंतराचं इंधन १९ टक्के घटतं. म्हणून नव्या जहाजांत लहान इंजिन बसवायचा मोह होतो. पण वादळात तेच इंजिन जहाजाला लाटांसमोर धरून ठेवायला अपुरं पडू शकतं, यासाठी आयएमओला किमान ताकदीची मार्गदर्शक तत्त्वं आणावी लागली. विषय निवडताना या सांध्यावरचे प्रश्न आधी बघा.

पाचवी पायरी: आता स्वयंचलित जहाज

एवढं झाल्यावर सिम्युलेशनला हात घाला. सुकाणू फिरवल्यावर जहाज लगेच वळत नाही, उशिराने वळतं आणि वळलं की थांबायलाही तयार नसतं. हे वागणं दोनच आकड्यांत पकडणारं नोमोतोचं समीकरण १९५७ पासून वापरात आहे. तिथून सुरू करा. नॉर्वेच्या थॉर फॉसन यांनी पायथन आणि मॅटलॅबमधली तयार प्रतिमानं मोफत ठेवली आहेत. तुमचं जहाज भलतंच चपळ तर नाही ना, हे वळणचाचणीने तपासा. आयएमओच्या निकषानुसार पूर्ण सुकाणू दिल्यावर वळणाचा व्यास लांबीच्या ५ पटींच्या आत यावा. तुमचा १ पट येत असेल तर गणितात गफलत आहे.

मग समोरासमोर, आडवी आणि मागून, या तीन प्रसंगांत नियमाप्रमाणे वागणारा साधा प्रोग्रॅम लिहा. न्यूरल नेटवर्क अजूनही नको. जमला की ओरेसुंडमधला खरा प्रसंग घ्या, एक जहाज काढा आणि त्याजागी तुमचं घाला. इथे सावध राहा. नोंदीतलं दुसरं जहाज त्या दिवशीच्या खऱ्या जहाजाला बघून वळलं होतं. तुमच्या जहाजाला बघून ते काहीच करणार नाही, ठरलेल्या वाटेनेच जाईल. अशा चाचणीत 'शंभर टक्के यश' लिहिणारे निबंध छापून येतात, तुम्ही ती मर्यादा पहिल्याच पानावर लिहा.

प्रत्यक्षात कुठवर आलंय? फिनलंडमध्ये 'फाल्को' ही फेरीबोट डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःहून चालवून दाखवली गेली. जपानमध्ये २०२२ च्या सुरुवातीला 'सुझाकू' या कंटेनर जहाजाने टोकियोच्या गजबजलेल्या उपसागरातून स्वयंचलित फेरी केली. नॉर्वेचं 'यारा बिर्कलँड' हे ८० मीटरचं विजेवरचं जहाज २०२२ पासून खतांचे कंटेनर वाहतंय, पण सुरुवात माणसं घेऊनच केली. आयएमओच्या नियोजनानुसार अशा जहाजांसाठीची संहिता आधी ऐच्छिक आणि मग सक्तीची होणार आहे, सक्तीचं लक्ष्य १ जानेवारी २०३२. नियम ५ मध्ये 'डोळ्यांनी आणि कानांनी' पहारा ठेवा असं लिहिलंय. कॅमेरा आणि मायक्रोफोन यांना डोळे-कान मानायचं का, हा वाद अजून मिटलेला नाही.

सहावी पायरी: माणसं गाठा

भारतात खरगपूर आणि मद्रास आयआयटी, कोचीचं कुसॅट आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी इथे या विषयांचे विभाग आहेत. जहाजांची तपासणी आणि वर्गीकरण करणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचं मुख्यालय पवईत आहे. बंदरांच्या अभ्यासासाठी पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे. परदेशात त्रोंदहाइमचं एनटीएनयू, गोथेनबर्गचं चाल्मर्स, हेलसिंकीजवळचं आल्टो आणि डेल्फ्ट ही विद्यापीठं आधी बघा. मुंबईवर काम करायचं ठरलं तर ऑगस्ट २०१० ची 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर अभ्यासाला घ्या. बंदराच्या तोंडाशी जहाज कललं, कंटेनर पाण्यात पडले, वाहतूक बंद ठेवावी लागली, तेल किनाऱ्याला लागलं. सुरक्षितता आणि प्रदूषण दोन्ही त्यात आहेत.

प्राध्यापकांना लिहाल तेव्हा 'मला या क्षेत्रात प्रचंड रस आहे' हे वाक्य गाळा. हेल्सिंगोरचा एक आडवा प्रसंग घ्या, दोन्ही जहाजांच्या वाटा, सीपीएचा आलेख आणि खाली दोन ओळींत अडलेला प्रश्न, एवढं एका पानावर जोडा. एखादा निवृत्त कप्तान ओळखीचा असेल तर ते पान पाठवण्याआधी त्याला दाखवा, आणि तो जिथे नाक मुरडेल तिथे पुन्हा गणित करा.